सिसिंगहर्स्टची पांढरी बाग सुईदोऱ्याने: पहिल्यांदाच देखावा भरणाऱ्यांसाठी

रुमाल, अभ्रे, टेबलक्लॉथ भरून हात बसलेल्या मैत्रिणी मला विचारतात, की आता एखादा देखावा भरायचा आहे, सुरुवात कुठून करू? छापील नक्षीतलं फूल भरताना रेघ कुठे जाते ते आधीच ठरलेलं असतं. जुनी वास्तू, तिच्यासमोरची बाग, कुंपण, वाट, आकाश हे सगळं एका चौकटीत बसवायचं म्हटलं की काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं. साखळी टाका, दांडी टाका, गाठीचा टाका येतो पण पूर्ण चित्र कधी केलेलं नाही, अशांसाठी हे लिहिते आहे.

नमुन्यासाठी इंग्लंडच्या केंट परगण्यातली सिसिंगहर्स्टची बाग घेतली आहे. मुलगी लंडनला असल्यामुळे मला ती दोन उन्हाळ्यांत निवांत पाहता आली, आणि मी ती दोनदा भरली. पहिलं भरतकाम बिघडलं. ते का बिघडलं हे कळल्यावर दुसरं जमलं, म्हणून त्या चुकाही सांगते.

सुई घेण्याआधी जागा समजून घ्या

हा भाग गाळून थेट ट्रेसिंगकडे जाऊ नका. जागेचा इतिहास कळला की कोणता टाका कुठे घालायचा हे निम्मं आपोआप ठरतं.

सिसिंगहर्स्टला नावात ‘कॅसल’ असलं तरी तो किल्ला नाही. १५६० च्या दशकात सर रिचर्ड बेकर यांनी इथे मोठा वाडा बांधला. १५७३ साली पहिली एलिझाबेथ राणी इथे मुक्कामाला होती. पुढे वाड्याची रया गेली. १७५६ ते १७६३ च्या युद्धात पकडलेले फ्रेंच कैदी इथे ठेवले होते, आणि ‘कॅसल’ हे नाव तेव्हापासून चिकटलं. त्यानंतर बराचसा वाडा पाडला गेला. उरला तो मधला उंच मनोरा, दर्शनी बाजूची लांब इमारत आणि दोन सुटी छोटी घरं.

१९३० साली लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि त्यांचे पती हॅरल्ड निकोल्सन यांनी ही पडकी जागा विकत घेतली. व्हिटा वाढल्या त्या केंटमधल्याच नोल या अवाढव्य वाड्यात. एकुलती एक मुलगी असूनही, केवळ मुलगी म्हणून, वडील १९२८ साली गेल्यावर नोल त्यांना मिळाला नाही. सिसिंगहर्स्टच्या भिंतींपाशी उभी राहिले तेव्हा मला ही गोष्ट सारखी आठवत होती. हातचं घर गेलेल्या बाईने उकिरडा उपसून ही बाग उभी केली आहे.

राहायला सलग घर नसल्यामुळे झोपायचं एका इमारतीत, जेवायला दुसऱ्या, ग्रंथालय तिसऱ्या आणि व्हिटांची लिहिण्याची खोली मनोऱ्यात, असा संसार होता. प्रत्येक वेळी बाग ओलांडूनच जावं लागे. त्यामुळे बागच घरासारखी झाली: विटांच्या भिंती आणि यू या गडद हिरव्या सदाहरित झाडाच्या कापीव कुंपणांनी पाडलेली दालनं, प्रत्येक दालनाचा रंग आणि बहराचा काळ वेगळा. आखणी हॅरल्ड यांची, काटेकोर आणि सरळ. लागवड व्हिटांची, भरभरून. वेली भिंतीवरून ओघळाव्यात, फुलं वाटेवर झुकावीत, हे त्यांना हवं होतं.

हाच आपल्या भरतकामाचा क्रम. आधी हॅरल्ड यांचं काम करायचं, म्हणजे मनोरा, भिंत, कुंपण, वाट हे ताठ, मोजून घातलेल्या टाक्यांनी. ते पुरं झाल्यावर व्हिटांचं, म्हणजे फुलं आणि वेली, सैल हाताने, आखलेली रेघ झाकत. नवशिक्या मैत्रिणी नेमकं उलट करतात. फुलं भरायची हौस असते, म्हणून आधी फुलं भरतात आणि मग त्यांच्यामधून भिंत कोंबत बसतात. भिंत वाकडी होते आणि फुलंही चिरडतात.

कोणता देखावा घ्यायचा

सगळी बाग एका चित्रात मावत नाही. मी पांढऱ्या बागेतून दिसणारा मनोरा निवडला. १९५० च्या सुमारास लावलेल्या या दालनात फक्त पांढरी फुलं आणि हिरवी-करडी पानं आहेत. मध्यभागी लोखंडी कमानींचा मांडव आहे आणि त्यावर रोझा मुलिगानी हा पांढरा वेलगुलाब चढवला आहे. पूर्वी तिथे बदामाची झाडं होती आणि गुलाब त्यांवर चढवलेले होते. झाडं गेली, मग मांडव आला. साधारण जुलैच्या पहिल्या आठवड्यांत तो पांढऱ्याशुभ्र झुबक्यांनी भरून जातो. प्रत्येक फूल साधं पाच पाकळ्यांचं, मधे पिवळं.

चित्राचे तीन थर मनात पक्के करा. मागे गुलाबी विटांचा मनोरा, मधे गडद कुंपण आणि मांडव, पुढे फुलांचे वाफे. मनोरा मधोमध घेऊ नका, थोडा डावीकडे किंवा उजवीकडे सरकवा. मांडव दुसऱ्या बाजूला आला की तोल साधतो.

स्वतः काढलेला फोटो असेल तर उत्तम. नसेल तर कुणाकडून परवानगी घेऊन वापरा. प्रत्यक्ष जाणं शक्य असेल तर लंडनहून स्टेपलहर्स्टपर्यंत रेल्वेने जाता येतं, तिथून पुढे काही मैल. बाग १९६७ पासून जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. मनोऱ्यावर चढून बागेची आखणी वरून नक्की पाहा. भिंती आणि कुंपणं वरून पाहिली की नकाशा डोक्यात बसतो.

कापड

माझी पहिली चूक इथेच झाली. पांढरी बाग म्हणून मी छान पांढरं केसमेंट घेतलं. तीन आठवडे भरून झाल्यावर लांबून पाहिलं, तर फुलं कुठेच नव्हती. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. चिकनकारीत दिसतं, कारण तिथे तलम कापडातून पडणारी सावली आणि टाक्याचा उठाव काम करतो. देखाव्यात डोळा रंगाकडे आधी जातो.

म्हणून कापड फिकट निळसर करड्या रंगाचं घ्या. घट्ट विणीचं लिनन किंवा जाडसर सुती चालेल. हाच रंग आकाश होतो, त्यामुळे आकाश भरावंच लागत नाही. इंग्लंडमधलं आकाश बहुतेक दिवस तसंच असतं, तेव्हा यात खोटेपणाही नाही. दोसुती या कामाला नको, तिची वीण मोकळी असल्यामुळे बारीक टाके आत बसतात.

चित्र २० बाय २५ सेंटिमीटरचं धरलं तर कापड ४० बाय ४५ घ्या. चारी बाजूंना जादा कापड लागतंच, पुढे ताणून बसवताना त्याची किंमत कळते. भरायच्या आधी कापड कोमट पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करा. मागून पातळ मांजरपाट लावा आणि दोन्ही कापडं कच्च्या टाक्यांनी कडेने जोडून घ्या. गाठींचं वजन एकेरी कापडाला पेलत नाही. मांजरपाटही आधी धुतलेला हवा, नाहीतर नंतर तो आटतो आणि पुढच्या कापडाला चुण्या पडतात.

छाप घेणं

फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त मोठ्या रेघा काढा: मनोऱ्याच्या उभ्या कडा, छपराची टोकं, खिडक्यांची जागा, कुंपणाची वरची कड, वाट, मांडवाची कमान. फुलं काढू नका. फुलांच्या जागी नुसते ढगासारखे आकार पुरेत.

हा कागद दिवसा खिडकीच्या काचेवर चिकटवा, वर कापड लावा आणि पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाने गिरवा. पूर्वी आपल्याकडे कागदाला सुईने भोकं पाडून रॉकेल-निळीचा बोळा फिरवत. तशी छाप देणारी दुकानं अजून कुठे कुठे आहेत, पण देखाव्यासाठी काचेची पद्धत सोपी. मनोऱ्याच्या कडा पट्टी लावूनच ओढा आणि कापडाचा उभा धागा त्यांना समांतर आहे ना हे तपासा. इथे रेघ कलली तर शेवटपर्यंत मनोरा कललेलाच राहतो.

दोन सावधगिऱ्या. निळी शाई धुवून काढण्याआधी त्यावर इस्त्री फिरवू नका, उष्णतेने ती पक्की बसू शकते. आणि इस्त्रीच्या उष्णतेने नाहीशी होणारी जी पेनं मिळतात, ती या कामाला वापरूच नका. त्यांची रेघ थंडीत परत उमटते.

दोरे

सहा पदरी सुती दोरा, अँकर किंवा डीएमसी, दोन्ही चांगले. लडी आठ मीटरची असते. या आकाराच्या चित्राला बहुतेक रंगांची एकेक लडी पुरते, पांढऱ्याच्या आणि गडद हिरव्याच्या मात्र दोन-दोन आणा.

मी वापरलेले डीएमसीचे क्रमांक देते. विटांसाठी ७५८, ३७७८ आणि ३५६. यूच्या कुंपणासाठी ३३६२ आणि ८९५. पानांसाठी ५२०, ५२२, ५२४. रुपेरी पानांसाठी ९२७ आणि ९२८. पांढऱ्यासाठी चार: बी ५२००, साधा पांढरा ब्लाँ, ३८६५ आणि साय रंगाचा ७१२. अँकर वापरत असाल तर जुळणाऱ्या क्रमांकांचा तक्ता दुकानात मिळतो, पण दोरा दिवसाच्या उजेडात कापडावर ठेवून पाहा आणि मगच घ्या.

विटांसाठी लाल दोरा आणू नका. आपल्या डोळ्यांत वीट म्हणजे कौलासारखी तांबडी. सिसिंगहर्स्टची वीट जुनी, उन्हापावसाने निवलेली, गुलाबी मातकट आहे. माझा पहिला मनोरा तांबड्या दोऱ्याने भरला आणि तो अख्ख्या चित्रावर ओरडत बसला.

मनोरा

मनोऱ्याचं सगळं काम एका पदराने करा. लांबचं बारीक, जवळचं जाड, एवढ्या एका नियमाने चित्राला खोली येते.

मनोऱ्याच्या दोन अंगांना अष्टकोनी बुरूज आहेत, वर टोकदार छपरं. अष्टकोन सपाट कापडावर दाखवायचा म्हणजे बुरुजाचे तीन उभे पट्टे पाडायचे. ऊन कोणत्या बाजूने येतं ते ठरवा. त्या बाजूचा पट्टा ७५८ ने, मधला ३७७८ ने, सावलीतला ३५६ ने. पट्ट्यांच्या मधे वेगळी रेघ लागत नाही, रंग बदलला की कोपरा आपोआप दिसतो. पहिल्यांदा हे होताना पाहाल तेव्हा आनंद होईल. मला झाला होता.

भरायचं कसं? आडव्या धावदोऱ्याने. टाका तीन मिलिमीटरचा, मधली फट एक मिलिमीटरची. पुढच्या ओळीत फट सरकवा, गवंडी विटांचे सांधे सरकवतो तसंच. प्रत्येक वीट दाखवायची नाही. भिंतीच्या मधल्या भागात काही ओळी विरळ सोडा. सगळीकडे सारखं भरलं तर भिंत कापडावर चिकटवल्यासारखी दिसते. दोन-तीन ओळींनंतर सुई आडवी धरून टाके जवळ ओढा आणि कापड ओढलं गेलं नाही ना ते पाहा.

खिडक्या शेवटी, गडद करड्या दोऱ्याने, दोन-तीन उभ्या टाक्यांत. काळा दोरा नको, काळ्या खिडक्या भोकांसारख्या दिसतात. बाहेरच्या कडांना उलटी टीप घाला आणि तीही फक्त सावलीच्या बाजूला. उन्हाची कड मोकळी राहू द्या.

कुंपण

यूचं कुंपण हे चित्रातलं सर्वांत गडद अंग. पांढरी फुलं याच्याच जिवावर दिसणार आहेत, त्यामुळे इथे कंजुषी नको. दोन पदर घ्या. वरच्या कडेला आधी स्प्लिट टाक्याची रेघ घाला, म्हणजे मागच्या टाक्याचा दोरा मधोमध दुभागून सुई वर काढायची. मग त्या रेघेवरून उभे लहान-मोठे टाके दाट घालत या. आतली रेघ कडेला टेकू देते आणि कापीव कुंपणाची सुरीने कापल्यासारखी धार मिळते. वरच्या भागात ३३६२, खाली जमिनीकडे ८९५.

वाफ्यांना कडेने लावलेल्या ठेंगण्या बॉक्सवुडच्या कुंपणाला उभे टाके नकोत, नाहीतर तीही यूसारखी दिसतील. तिथे ५२० च्या गाठी अगदी खेटून घाला. वाट भरायची नाही, कापडच वाट. फक्त कडेला आणि मधूनमधून करड्या दोऱ्याचे तुटक आडवे टाके.

पांढरं

इथवर आलात की फुलं नसतानाही चित्र उभं राहिलेलं असतं. नसेल राहिलं, तर फुलांनी ते सावरणार नाही. कुंपण आणि मनोरा आणखी एकदा तपासा.

पांढऱ्या बागेत पांढरं कमीच असतं. प्रत्यक्ष पाहिलं तर बहुतेक जागा हिरव्या, करड्या, रुपेरी पानांनी व्यापलेली आहे आणि पांढरं तिच्यावर तरंगतं. भरतानाही तीन भागांतले दोन भाग पानं, एक भाग फुलं असं धरा. आधी सगळी पानं भरून घ्या, मग पांढरा दोरा हातात घ्या.

चार पांढरे कशाला, तर सावलीतलं फूल आणि उन्हातलं फूल एकसारखं पांढरं नसतं. मांडवाच्या खालच्या अंगाला आणि आतल्या बाजूला ७१२ आणि ३८६५ च्या गाठी, त्यावर ब्लाँच्या, आणि अगदी शेवटी, ऊन लागतं तिथे, बी ५२०० च्या मोजक्या गाठी. दहा-पंधरा पुरतात. सुरुवातीपासूनच सगळीकडे बी ५२०० वापरला तर मांडव कापसाच्या बोंडासारखा होतो.

गाठीचा टाका बहुतेकींना येतो, पण सैल पडतो किंवा आत निसटतो. सुई वर काढल्यावर दोरा डाव्या हाताच्या चिमटीत धरा. सुईवर एकच वेढा द्या. दोन-तीन वेढे देऊन गाठ मोठी करू नका, मोठी हवी तर पदर वाढवा. सुई जिथून वर आली त्याच भोकात खाली घालू नका. कापडाचा एक धागा सोडून घाला, नाहीतर गाठ मागे निघून जाते. सुई अर्धी खाली गेली की डाव्या हाताने दोरा ओढून वेढा कापडाला टेकवा, तसाच धरून ठेवा, आणि मग सुई खालून ओढा. दोरा शेवटच्या बोटभर अंतरापर्यंत सोडायचा नाही. रद्दी कापडावर पन्नास गाठी घालून हात बसवा आणि मगच मांडवाकडे या.

मांडवाच्या कमानी करड्या दोऱ्याने, दांडी टाक्याने, एका पदराने. गुलाबाचं खोड तपकिरी दोन पदरांनी, कमानीला पीळ घालत वर न्या. पानांसाठी लेझी डेझीचे, म्हणजे सुट्या साखळीचे, छोटे टाके, ५२२ आणि ५२४ मिसळून. दोन रंगांचा एकेक पदर एकाच सुईत ओवला तर पानं जिवंत दिसतात. मग गाठींचे झुबके. प्रत्येक झुबक्यात एखाद-दुसरीच पिवळी गाठ.

पुढचे वाफे

जवळची फुलं दोन-तीन पदरांनी. डेल्फिनियमचे उंच तुरे म्हणजे उभ्या दांडीभोवती गाठी, खाली तीन पदरांच्या मोठ्या, वर जाताना दोन, टोकाला एक पदर, आणि तिथे हिरवट कळ्यांच्या दोन गाठी. क्रँबेचं फूल धुक्यासारखं असतं, त्यासाठी एका पदराच्या विरळ गाठी, मधे कापड दिसू द्या. लिलीसाठी ब्लाँच्या लेझी डेझीच्या तीन पाकळ्या, गळ्याशी पिवळा ठिपका.

रुपेरी काटेरी ओनोपॉर्डम मला सगळ्यांत आवडतं. माणसापेक्षा उंच वाढणारं हे झाड ९२८ च्या फेदर टाक्याने अप्रतिम उतरतं. एकच भरा, चित्राच्या कडेला. स्टॅकिसची मऊ पानं ९२७ च्या साटीन टाक्याने, वाटेच्या कडेवर थोडी सांडलेली. इथे आखलेली रेघ मुद्दाम झाकायची आहे हे विसरू नका.

फुलांच्या प्रमाणाची फार चिंता करू नका. सतराव्या शतकातल्या इंग्रज मुलींनी भरलेल्या उठावाच्या चित्रांत मागे वाडा, पुढे बाग आणि सुरवंट मात्र वाड्याच्या दाराएवढा, असं सर्रास दिसतं, आणि ती चित्रं आजही संग्रहालयांत लोक थांबून बघतात.

धुणं आणि चौकट

गाठी भरायला लागलात की गोल रिंग बाजूला ठेवा, ती गाठी चेपते. चौकोनी लाकडी फ्रेम घ्या. त्याआधीही रोज रात्री रिंग काढून ठेवायची आणि आतल्या कड्याला सुती नाडा गुंडाळायचा, म्हणजे वळ पडत नाहीत.

पूर्ण झालं की निळी शाई आधी नुसत्या थंड पाण्यात घालवा. मग मऊ साबणाच्या कोमट पाण्यात न चोळता बुडवून काढा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा. जाड टॉवेलवर उलटं ठेवून मागून इस्त्री करा, गाठी टॉवेलात रुततात आणि त्यांचा उठाव शाबूत राहतो.

चौकटीसाठी आम्लरहित पुठ्ठा मागून घ्या. कापड त्यावर ताणून, मागे दोन्ही कडा मजबूत दोऱ्याने नागमोडी ओढून बांधा. डिंक किंवा चिकटपट्टी अजिबात नको, काही वर्षांत पिवळे डाग पडतात. काच आणि भरतकाम यांच्यामध्ये पट्टी घालून फट ठेवायला सांगा. कोकणात आणि मुंबईत तर हे हवंच, पावसाळ्यात काचेला चिकटलेल्या कापडावर बुरशी धरते. उन्हाच्या थेट झोतात टांगू नका, फिकट गुलाबी विटांचा रंग आधी उडतो.

मला रोजचा तासभर धरून हे चित्र पुरं व्हायला चार महिने लागले, त्यातला सव्वा महिना नुसत्या मांडवाला. मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीने नाव, जागा आणि साल लिहा, आणि उरलेल्या दोऱ्यांचे छोटे तुकडे क्रमांकांसह एका पाकिटात घालून चौकटीच्या मागे चिकटवून ठेवा. कधी एखादी गाठ निसटली तर तोच पांढरा लागेल.